सोळा नंबरची बारा मिनिटं

शनिवार, डिसेंबर २००५चा पहिला आठवडा, सकाळचे दहा. रियाधमधल्या एका खासगी हॉस्पिटलची फिजिओथेरपीची खोली. हजर: मी (फिजिओथेरपिस्ट); फुटबॉलचा एक रुमानियन कोच, वय सत्तेचाळीस, दुखणं उजवा गुडघा; त्याच्या क्लबचा हैदराबादी ड्रायव्हर, दुभाषी म्हणून. गैरहजर: क्लबचा माणूस, ज्याने कागदावर सही करायला यायचं होतं.

हे वहीत लिहिलेलं आहे, म्हणून इतकं नेमकं सांगता येतं. रियाधमधल्या नऊ वर्षांच्या सात वह्या माझ्याकडे आहेत. रोजची कामं, प्रत्येकापुढे एक चौकट, काम झालं की चौकटीत खूण. बायको म्हणायची, "अहो, श्वास घ्यायचंही लिहा एकदा, विसराल."

कोचचा गुडघा तरुणपणीच मोडलेला होता आणि आता मैदानाच्या कडेला तासन्‌तास उभं राहून सुजला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. सामन्यात काठीशिवाय उभं राहायचं. काठी दिसली की क्लबचे लोक म्हातारा समजतात, असं त्याचं म्हणणं.

"डॉक्टर, किती दिवस?"

"पंधरा बैठका. आणि मी डॉक्टर नाही."

"बरं, डॉक्टर."

ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "साब, ये किसीका नई सुनता. टीम का बी नई सुनता."

कोचने लगेच विचारलं, हा काय म्हणाला. ड्रायव्हरने मान खाली न घालता इंग्रजीत सांगितलं, "तुम्ही फार चांगले कोच आहात म्हणालो."

दुसऱ्या आठवड्यापासून दुभाष्याची गरज उरली नाही. त्याचं मोडकं इंग्रजी, माझं हॉस्पिटलचं इंग्रजी आणि दोघांचं अर्धंमुर्धं अरबी, एवढ्यावर भागायचं. पाय वर, दहा आकडे, पाय खाली. त्या दहा आकड्यांच्या मध्ये तो आपली कहाणी सांगे. एका बैठकीत साधारण पाच वर्षं पुढे सरकायची.

तो कोळशाच्या खाणीच्या गावातला. वडील खाणीत, दोन भाऊ खाणीत. हा खाणीच्या संघात उजवीकडून पळायचा, म्हणून जमिनीखाली कधी उतरला नाही. खेळण्याचा पगार देता येत नसे, म्हणून कागदोपत्री तो खाणीच्या कारखान्यात लेथवर कामाला होता. "माझं लेथ मशीन मी दोनदा पाहिलं," तो म्हणाला. "पहिल्यांदा फोटो काढायला. दुसऱ्यांदा मंत्री आला तेव्हा." पुढे देशाच्या संघात बोलावणं आलं. एकच सामना, परदेशात, तोही बदली खेळाडू म्हणून. दोन वर्षांनी गुडघा गेला आणि खेळणं संपलं. त्याच वर्षी मुलगा झाला.

मग लहान मुलांचा कोच. मग कम्युनिस्ट राजवट पडली, खाणीचा संघ बुडाला आणि हा देशोदेशी निघाला. सौदीत चार वर्षांत तिसरा क्लब. पहिला जिझानला. तिथली दमट हवा आठवली की तो टेबलावर पडल्यापडल्या शर्टाची बटणं सोडायचा. तिथे संघ वर आणला, तर सगळ्यांनी मिठ्या मारल्या, मधाचे दोन डबे दिले आणि घरी पाठवलं, कारण वरच्या गटासाठी त्यांना ब्राझीलचा कोच हवा होता.

"वाईट नाही वाटलं?"

"मध चांगला होता," तो म्हणाला.

आठव्या बैठकीला त्याने टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट आणली. त्या एकुलत्या एका सामन्याची. परदेशात राहणाऱ्या चुलतभावाने टीव्हीवरून भरून ठेवलेली. सौदीत आला तेव्हा विमानतळावर तपासणीसाठी ती काढून घेतली होती, तीन आठवड्यांनी परत मिळाली, तेव्हापासून तो ती कुणाच्या हातात देत नव्हता. मला दिली.

त्याचा मुलगा आता अठरा वर्षांचा होता, स्वतः खेळत होता. त्याने बापाला खेळताना कधी पाहिलेलंच नव्हतं. घरातला व्हीसीआर मोडून वर्षं झाली होती. मागच्या सुट्टीत बाप काहीतरी शिकवायला गेला, तर पोरगा म्हणाला, तुम्ही फक्त कडेला उभे राहून ओरडणारे, तुम्हाला काय कळतं आतलं. कोचने हे हसत सांगितलं आणि पाय वर उचलायचा विसरला.

"याची डिस्क करून हवी. मी घरी जाईन तेव्हा न्यायची. तुम्ही हिंदी लोक बत्ह्यात सगळं करून आणता."

खरं होतं. बत्हा म्हणजे रियाधचा जुना बाजार, तिथल्या गल्लीत चप्पल शिवण्यापासून लग्नाची कॅसेट डिस्कवर चढवण्यापर्यंत सगळं होई. पण माझा एक नियम होता. एका कामासाठी बत्ह्यात जायचं नाही. तिथली गर्दी, पार्किंग, नमाजाला खाली येणारी शटर्स, हे सगळं एका कामासाठी सोसायचं नाही. यादीत सहा कामं जमली की शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर निघायचं. त्या वेळी यादीत तीनच होती: मुलीचे शाळेचे बूट, कढीपत्ता, कॅसेट. मी थांबलो. दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी कुकरची रिंग, चकलीचा सोऱ्या आणि घड्याळाचा सेल अशी सहा कामं भरली, तेव्हा निघालो.

दुकानदाराने कॅसेट उलटसुलट करून विचारलं, "एक डिस्क या दो?"

माझ्या यादीत लिहिलं होतं: डिस्क, एक. मी म्हणालो, "एक."

पुढच्या गुरुवारी दुपारी, आणखी पाच कामं जोडून, डिस्क आणि कॅसेट घेऊन आलो. घरी पहिली पाच मिनिटं लावून पाहिली. चित्र स्वच्छ, आवाज ठीक. वर मार्करने नाव लिहिलं. चौकटीत खूण. त्याच संध्याकाळी कोचचा संघ घरच्या मैदानावर हरला, लागोपाठ तिसऱ्यांदा. पण पूर्ण सामना तो काठीशिवाय उभा होता, हे मला नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

शुक्रवारी सकाळी आठला ड्रायव्हरचा फोन. "साब, कोच जा रा. एक बजे का फ्लाइट. मैं उसकू लेको जा रा एअरपोर्ट."

"आज? आणि एक्झिटचा शिक्का?"

"वो तो बुधवार केच दिन मार लिये, साब. पासपोर्ट मैंच लेको गया था."

म्हणजे क्लबने त्याला काढलं होतं. गुरुवार-शुक्रवार कचेऱ्या बंद असत, म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशीच त्याच्या पासपोर्टवर कायमचं जाण्याचा शिक्का मारून ठेवला होता. जिंकला असता तर रद्द केला असता. तो जेव्हा मैदानाच्या कडेला सरळ उभं राहण्यासाठी धडपडत होता, तेव्हा त्याच्या जाण्याचं काम आधीच उरकलेलं होतं.

मी विमानतळावर पोचलो तेव्हा तो दोन बॅगांच्या मध्ये उभा होता. काठी नव्हती. मी डिस्क दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि खिशावर थाप मारली.

"आता बघेल तो," म्हणाला.

मी कॅसेट पुढे केली. त्याने हात मागे घेतला. "नको. आता डिस्क आहे. ही तुझ्या मुलीला दाखव. सांग, आपला कोच एकदा आत होता." मग ड्रायव्हरकडे वळून त्याने विचारलं, "आता तरी सांग, पहिल्या दिवशी काय म्हणाला होतास?"

ड्रायव्हर म्हणाला, "की तुम्ही कुणाचं ऐकत नाही."

कोच इतका हसला की मागचे लोक बघायला लागले.

त्याच दिवशी दुपारी जेवणानंतर आम्ही तिघं कॅसेट लावून बसलो. मुलगी आठ वर्षांची. दर पाच मिनिटांनी विचारायची, "बाबा, वो अंकल कब आएँगे?" मध्यंतर झालं, तरी अंकल आले नाहीत. बायको भांडी घासून परत आली, तरी नाहीत. शेवटी अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला कडेला एक दाट केसांचा तरुण उभा दिसला, पाठीवर सोळा नंबर. तो आत आला. उजव्या बाजूने दोनदा पळाला. एकदा त्याने उचलून दिलेला चेंडू कुणाच्या तरी डोक्याला लागून गोलवरून गेला आणि याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. समालोचकाने त्याचं नाव एकदा घेतलं. बारा मिनिटं. शिट्टी झाली.

मुलीने टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "अहो, पण एवढा मोठा सामना एका डिस्कवर मावला?"

शनिवारी कॅसेट बरोबर घेऊन कामावरून थेट बत्ह्यात गेलो. एका कामासाठी, पहिल्यांदाच. दुकानदार शांतपणे म्हणाला, "सर, एक डिस्क में तो सत्तर-पचहत्तर मिनटच आता. मैंने पूछा था ना, एक या दो?"

बापाने घरी जाऊन मुलाला शेजारी बसवलं असेल. सामना सुरू झाला असेल. आता येईन, आता येईन, असं म्हणाला असेल. आणि दुसऱ्या हाफमध्ये कुठेतरी, तो मैदानात पाय ठेवण्याआधीच, पडदा काळा झाला असेल. मी तिसऱ्या शुक्रवारऐवजी पहिल्या शुक्रवारी गेलो असतो, तर त्यानेच आपल्या खोलीत ती पाहिली असती आणि चूक वेळेत कळली असती.

दुसरी डिस्क मी तिथेच उभं राहून करवून घेतली. पाठवायची कुठे? हॉस्पिटलच्या फाइलमध्ये त्याचा पत्ता म्हणजे क्लबचाच पत्ता. क्लबमध्ये फोन केला, तर पलीकडून "खलास, गेला," एवढंच. ड्रायव्हरकडे त्याचा सौदीतला नंबर होता, तो बंद. पुढे इंटरनेटवर शोधलं की कधी एका देशातल्या क्लबच्या यादीत नाव दिसे, कधी दुसऱ्या, आणि मी लिहीपर्यंत तो तिथून गेलेला असे. ती डिस्क चरे पडून बाद झाली. आम्ही नाशिकला परत आलो. मुलगी नोकरीला लागली. कॅसेट कपाटात, त्याच टॉवेलमध्ये.

गेल्या महिन्यात मुलीने फोनवर एक पान काढून दिलं. त्याच खाणीच्या गावात त्याचा मुलगा आता लहान पोरांना फुटबॉल शिकवतो. एका फोटोत मागच्या बाकावर एक म्हातारा बसलेला आहे. चेहरा नीट दिसत नाही. उजवा पाय मात्र सरळ लांब केलेला आहे, मी शिकवला होता तसा.

मुलाला पाठवायचं पत्र चार ओळींचं, तयार आहे. सोबत पूर्ण सामन्याची प्रत पाठवायची आहे, पण कॅसेटला बुरशी धरली आहे. व्हीसीआर दुरुस्त करणारा एकच माणूस शहरात उरलाय, तो म्हणतो, फीत हाताने पुसावी लागेल, मशीनचा एक पट्टा यायचाय, बुधवारी फोन करा. या वेळी शेवटच्या शिट्टीपर्यंत स्वतः पाहिल्याशिवाय पत्र पाठवायचं नाही, हे मी ठरवलंय. बुधवारच्या पानावर सध्या हे एकच काम आहे. चौकट रिकामी.