उतू जाऊ दिलं नाही

गॅस मी बंद केला होता. इतकी वर्षं सांगत आलो की हात आपोआप गेला. तो गेला नव्हता, मी नेला होता.

लग्नानंतरची आमची पहिली संक्रांत होती. बायकोच्या माहेरी त्या दिवशी पोंगल असतो, आणि पहिल्या पोंगलला मुलीचा बाप भांडं घेऊन येतो अशी त्यांची रीत. सासरे तरुणपणी तामिळनाडूतून खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. बेसाच्या आमच्या नव्या फ्लॅटवर ते बसने आले, एका हातात ऊस आणि पोटाशी पितळी भांडं.

आदल्या दिवशी बायकोनं मला सगळं समजावलं होतं. आधी दूध उतू जाऊ द्यायचं, मग त्यात नवे तांदूळ नि गूळ. पोंगल म्हणजेच उतू जाणं. काठावरून सांडतो तो सूर्याचा वाटा, मग घर वर्षभर भरलेलं राहतं. कॉलनीतल्या क्वार्टरच्या अंगणात ते तीन विटांवर दूध ठेवायचे, आणि वीज केंद्राच्या चिमणीची राख पडू नये म्हणून बाबा भांड्यावर तळहात धरून उभे राहायचे. "शेगडीले हात लावू नका हं," ती हसून म्हणाली होती.

सासऱ्यांनी भांड्याच्या गळ्याला ओल्या हळदीचं रोप बांधलं, दूध चढवलं. माझी आई, काका-काकू, शेजारी, सगळे ओट्याभोवती जमले. बाहेर आईच्या तिळगुळाच्या ताटाला कुणी हात लावला नव्हता. माझ्या घरात, माझ्या नव्या शेगडीपुढे, सगळे त्यांच्याकडे पाहत होते. फेस काठाला टेकला. "पोंगलो पोंगल" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मी बटण फिरवलं.

फेस खाली बसला.

"वाचली शेगडी, मामाजी!" मी म्हणालो. काका हसले.

"काहून बंद केलं, जवाई?"

"हात आपोआप गेला."

"जातेच," आई म्हणाली. "दूध वर आलं का हात जातेच." रथसप्तमीला ती स्वतः गोवऱ्यांवर दूध उतू घालवते. तिकडे माझा हात कधी गेला नव्हता.

बायकोनं गॅस पुन्हा पेटवला, पण दूध पुन्हा वर येईपर्यंत सासऱ्यांनी थांबायचं नाकारलं. "राहू दे वं," म्हणत त्यांनी तसेच तांदूळ टाकले. जेवताना गोड झालं म्हणाले.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. "तुमच्याकडे संक्रांत असते न, तेच करा," फोनवर म्हणाले. त्याच उन्हाळ्यात ते गेले. भांडं माळ्यावर गेलं. बायको दर जानेवारीत माझ्या आईच्या हाताखाली तीळ भाजत राहिली, आणि मी तो किस्सा लग्नाकार्यात सांगून लोकांना हसवत राहिलो.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिनं भांडं खाली काढलं. चिंचेनं घासता घासता म्हणाली, "दवाखान्यात बाबांनी मले विचारलं होतं, जवाईचा हात खरंच आपोआप गेला का वं?"

"तू काय म्हणालीस?"

"हो म्हटलं. शप्पथ घेतली त्यांची. तर म्हणाले, मंग काही नाही. न समजता झालेलं मनात ठेवत नाहीत." ती भांडं उजेडात धरून पाहत होती. "लई हलकं झालं होतं त्याह्यले."

मेलेल्या माणसाची समजूत माझ्या खोट्यावर टिकून होती. तिचीही. गप्प राहिलो असतो तर दोन्ही शाबूत राहिल्या असत्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यातल्या दुधापुढे मी हात जोडून उभा राहिलो असतो. ते मला जमलं नाही. तिचे हात चिंचेनं भरलेले असतानाच मी बोललो.

"हात आपोआप गेला नव्हता. तू सांगितलेलं सगळं मला आठवत होतं. सगळे बाबांकडे पाहत होते, ते मला पाहवलं नाही. त्यांचं दूध मी मुद्दाम बसवलं, आणि तुला त्यांची खोटी शपथ घ्यायला लावली. त्यांची माफी आता मागता येत नाही. तुझी मागतो. मला माफ कर."