जाळी येईपर्यंत

डॉ. कारखानीस बोलता बोलता समोरच्याचा खांदा धरत आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, जिथे चिकटतो ती जागा अंगठ्याने दाबत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. "इथं फाटते. मी शिवतो छान, पण ती मेली चिकटत नाही!"

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत बहारीनच्या एका हॉस्पिटलात ते सर्जन होते आणि मी फिजिओथेरपिस्ट. हात सफाईदार, आवाज मोठा, जीव सगळा जर्नलांत. परदेशात एका जाळीवर पेशी वाढवून नवी कंडरा तयार करायचे प्रयोग चालले होते. ती जाळी शिवणीवर बसवली की जोड पक्का होईल, अशी आशा होती. नवा अंक आला की ते माझ्या खोलीत घुसत. "बाई, तुमचे काठीचे व्यायाम आता खलास!"

"कोणावर करून बघितलंय?"

"सशांवर."

"मग सशांना सांगा. माझे पेशंट बाहेर बसलेत."

हसनभाई रत्नागिरीचे, तिथल्या अस्कर गावाजवळच्या एका वर्कशॉपात फिटर. डॉक्टरांनी शिवलेला त्यांचा उजवा खांदा पुन्हा उसवला. हात वर जाईना. कंपनीने स्टोअरमध्ये बसायचं काम देऊ केलं. पगार कमी, पण व्हिसा शाबूत. मी म्हटलं, "आजच हो म्हणून टाका."

डॉक्टरांनी त्यांचा खांदा धरला. "घाई कशाला? जाळी येतेय. पुन्हा शिडी चढाल."

"कधी?" मी विचारलं.

"विज्ञानाला तारीख विचारू नये, बाई."

हसनभाईंनी स्टोअर नाकारलं. "बाय, जन्मभर पाना चालवला, आता बोल्ट मोजीत बसू? सायब बोलतात ना!" व्यायामाला आले की आधी डॉक्टरांच्या दारात डोकावत. "सायब, जाली आयली काय?"

"इंशाल्ला, हसनभाई!" डॉक्टर अगदी मनापासून म्हणत. त्या मनापासूनपणाचाच मला संताप येई.

स्टोअरची जागा दुसऱ्याला गेली. कंपनीच्या मेडिकल तपासणीत हसनभाई अनफिट ठरले, व्हिसा रद्द झाला. मी विमानतळावर गेले, तर ते डाव्या हाताने बॅग ओढत होते. "सायबांना सांगा, जाली आयली की कलवा. मी लगेच येतो."

पुढे हॉस्पिटलातल्या सभेत डॉक्टरांनी हसनभाईंच्या खांद्याची स्लाइड दाखवली. बोलले सुंदर. शेवटी म्हणाले, "खेद एवढाच की हा पेशंट नंतर तपासणीला आलाच नाही."

मी उभी राहिले. "डॉक्टर, ते हसनभाई. जाळीची वाट बघत राहिले, नोकरी गेली. आता गावी आहेत."

"अरेरे," ते म्हणाले. क्षणभर पडद्यावरच्या त्या खांद्याकडे बघत राहिले. मग मागे वळून म्हणाले, "पुढची स्लाइड."