आम्ही चौघं मयतीचे

लग्नातले किस्से सगळ्यांकडंच असतात. आमच्याकडं मयतीचे साठलेत! कुणाच्या दहाव्याला टेकलो की एक निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा. लोक म्हणतात, "मयतीत हसता काय बे?" आता रडून झाल्यावर माणूस काय करणार?

चौघं म्हणजे मी, माझं तलवाडा रोडला वेल्डिंगचं दुकान हाय. शिवलिंगअप्पा, लिंगायत वाणी, किराणावाले. हुसेनभाई टेलर. आणि दगडू धनगर, मेंढरांमागं हिंडणारा. गावात कुणाच्याही घरचं माणूस गेलं की आम्ही पोचतो. आधी एकमेकांच्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता.

*

एकत्र आलो कोरोनात. भाड्यानं राहणारे एक गुरुजी गेले. पोरगा पुण्याला, त्यालाच ऑक्सिजन लावलेला. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली.

अप्पांनी शटर ओढलं आणि माझ्याकडं आले. "चल, गुरुजी तसेच पडलेत."

हुसेनभाई मास्क शिवत होते, ते उठले. तिघांना तिरडी उचलेना. तेवढ्यात रस्त्यानं दगडू मेंढरं घेऊन चाललता. हाक मारली, तर कुत्र्याला राखणीला बसवून आला.

सरण रचलं. पण मंत्र कोण म्हणणार? यायला कुणीच तयार न्हाई.

दगडू म्हणाला, "मेंढरू मेलं तरी मी त्येच्याशी चार शबूद बोलतो. माणसाशी बोलता येत न्हाई व्हय?"

अन बोलला की! "गुरुजी, पोरगं आजारी हाय म्हणून आलं न्हाई. राग धरू नका."

*

अप्पांच्या आई गेल्या तेव्हाची गोष्ट. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अप्पा तर सुन्न होऊन बसलेले. खड्ड्याचं काम हुसेनभाईंनी अंगावर घेतलं, कबरी खणायचा हात होता त्यांचा. मुरमाड जमीन, पहार मारली की ठिणगी उडायची.

आम्ही जाऊन बघतो तर खड्डा हा लांबलचक!

मी म्हणालो, "हुसेनभाई, आई बसून जाणार हायेत. झोपून न्हाई!"

हुसेनभाईंनी घाम पुसला. "अम्मा जिंदगीभर गल्ल्यावर बसल्या. आता तरी पाठ टेकू द्या ना!"

अप्पांकडं बघायची हिंमत होईना. अप्पा फिसकन हसले. हसता हसताच मोठ्यानं रडायला लागले. सकाळपासून त्यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं.

मग खड्डा रीतीप्रमाणं नीट केला. आई बसूनच गेल्या.

*

सगळेच किस्से आमच्या बाजूनं संपत न्हाईत.

कमळाबाई गेली. दलित वस्तीतली सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. वस्तीच्या स्मशानाला वाट एका रानातून. मालक बांधावर आडवा उभा. "कापूस हाय. तुडवू देणार न्हाई."

अप्पांनी हात जोडले. "पाटील, कडंकडंनं जाऊ. अहो, तुमची नाळ हिनंच कापली."

"मग काय, रान तिच्या नावावर करू?"

आम्ही तिरडी मागं वळवली. ट्रॅक्टर बोलावला, अन ओढ्याच्या खडकाळ वाटेनं वळसा घालून नेली तिला. प्रत्येक दणक्याला तिची लेक तिरडीवर हात ठेवायची अन म्हणायची, "सांभाळून गं आई."



*

मागं मोबाइलवर काहीबाही फिरलं. कुणाकडून कापड घ्यायचं, कुणाकडून न्हाई, असलं. त्याच आठवड्यात वरच्या आळीत एक म्हातारी गेली. हुसेनभाईंचा मला फोन. "मी आलो तर चालेल का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. दगडू शेजारीच बसलेला, त्यानं ऐकलं. माझ्या हातातून फोन ओढला.

"कावून बे, दावत हाय का तिथं? आमंत्रण पायजे व्हय!"

हुसेनभाई आले. पण मागंच उभे राहिले, पार भिंतीला टेकून. ते मला अजून दिसतंय.

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला.

आरक्षणावरून गाव दोन बाजूंना फाटलं. एकमेकांच्या हॉटेलात चहा बंद, लग्नाला जाणं बंद. सखारामतात्या एका जातीचे, नामदेवआबा दुसऱ्या जातीचे. बांधाला बांध, विहीर एकच, पोरपणापासूनची दोस्ती. आबांच्या पोरांनी बजावलं, "आता तिकडं जायचं न्हाई." आबा गेले न्हाईत. तात्यांनीही हाक मारली न्हाई.

अन तात्या गेले.

तिरडी निघाली. वाट आबांच्याच घरावरून. आबा गच्चीवर कठड्याला धरून उभे. खाली दारात तिन्ही पोरं, हाताची घडी घालून.

पुढच्या खांद्याला दगडू होता. घर आलं, अन तो थांबला. "हितं विसावा!"

तात्यांचा पुतण्या खेकसला, "आरं, विसावा वेशीपाशी असतो! तिरडी तिथं टेकवायची!"

"माझा खांदा लई दुखतोय."

"बदल की मग!"

"न्हाई. टेकवा."

भर रस्त्यात तिरडी टेकवली. गच्चीवर बघितलं तर आबा न्हाईत. मग जिन्यात पावलं वाजली. पोरांच्या मधून वाट काढत आबा बाहेर आले, तिरडीपाशी खाली बसले. तात्यांच्या गालावरून हात फिरवला.

"सख्या, थांबलास व्हय रं?"

तिरडी उचलताना दगडू बाजूला झाला अन त्या जागी आबांनी खांदा दिला. आम्ही चालायला लागलो. ऊन रणरणत होतं, डांबर पाघळलेलं.

मागून थोरलं पोरगं पळत आलं. "आबा! पायात काय न्हाई तुमच्या!"

आबा थांबले न्हाईत.

अन ते पोरगं बापाच्या चपला हातात धरून स्मशानापर्यंत आमच्या मागं चालत आलं.