पांढऱ्या टाक्यांचं पुस्तक

माझी शाळा चौथीपर्यंतची. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर आणि मागून आणलेल्या मासिकांवर झालं, इंग्रजीसुद्धा. म्हणून असेल, पुस्तकाचं मला फार अप्रूप. जून लागला की मी मुलीच्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, आणि तीही डिंकानं नाही, सुई-दोऱ्यानं. डिंकाला कसर लागते. कागदाच्या कडा आत दुमडायच्या आणि कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याचे तीन टाके मारायचे. मुलगी लग्न होऊन सांगलीला गेली, तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागली, तरी तिची ती सवय सुटली नाही, आपल्या पुस्तकांना ती स्वतःच तशी कव्हरं घालायची. तिच्या कपाटातली झाडून सगळी पुस्तकं खाकी, आणि कोपऱ्यात तीन टाके.

ती गेली कावीळ होऊन, आठ दिवसांत. नात तेव्हा अकरा वर्षांची. जावई भिंतीकडे बघत बसलेले. तेराव्यानंतर घर आवरायला मीच होते. गेलेल्या माणसाचं सामान घरात ठेवू नये म्हणतात, म्हणून साड्या वाटल्या, गादी काढली, आणि कपाटातली पुस्तकं रद्दीवाल्याच्या गाडीवर घातली. एकही उघडलं नाही. सगळी एकसारखीच दिसत होती, जुनी असतील, असं मी मनाशी म्हटलं. पण खरं सांगू का? उघडलं असतं तर तिचं अक्षर दिसलं असतं. त्या दिवशी तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

नात शेजारून परत आली आणि रिकाम्या कपाटापुढं उभी राहिली. "आजी, आईची पुस्तकं?"

"कॉलेजच्या लायब्ररीत दिली गं," मी म्हटलं. किती पटकन आलं ते तोंडातून.

"मग मोठी झाले की मी तिथं जाऊन वाचेन."

जावयांना एकट्यानं जमेना, म्हणून नात माझ्याकडं साताऱ्याला आली ती कायमचीच. येताना तिनं आईची एक फाइल छातीशी धरून आणली होती. जाड कागदांवर वाळवून चिकटवलेली पानं-फुलं, खाली लॅटिनमध्ये नाव आणि दोन-दोन ओळी. पंधराव्या वर्षी तिला सांध्यांचा ताप आला नि तो हृदयावर गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी जिने, शाळा, धावपळ सगळं बंद केलं. दहावीला बाहेरून बसायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. घरी पडल्यापडल्या ती ती फाइल चाळायची. एक दिवस म्हणाली, "आजी, मला लॅटिन शिकायचंय. आईनं काय लिहिलंय ते मला कुणाला न विचारता वाचायचंय."

साताऱ्यात लॅटिन! ओळखीच्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यापेक्षा टायपिंग शिकवा." शेवटी पोवई नाक्याजवळ एका निवृत्त सुभेदारांनी टेलिफोन बूथमध्येच कॉम्प्युटर मांडून इंटरनेट सुरू केलं होतं, तिथं गेले.

"लॅटिन? आवं आजी, कवायत शिकवा म्हणाला आसता तर मी हुतोच की!" ते म्हणाले. पण माणूस चिकाटीचा. तार जोडली की ते यंत्र कोंबडं मुरगाळल्यासारखं ओरडायचं. दोन दिवस खटपट करून त्यांनी दोन शिकवण्या हुडकल्या. एकीला परदेशी बँकेचं कार्ड लागत होतं, ते आमच्याकडं कुठलं? दुसरीत परदेशातले एक म्हातारे गुरुजी ई-मेलनं धडे पाठवायचे आणि उत्तरं तपासून द्यायचे. ती घेतली. उत्तर लगेच आलं नाही की मी काळजी करायची.

"तिकडं आत्ता रात हाय आजी. गुरुजी घोरत आसत्याल. उद्या या."

गुरुजींनी कळवलं, तीन पुस्तकांपैकी कुठलंही एक जवळ हवं. तीन नावं चिठ्ठीवर लिहून घेतली. दर महिन्याला मिरजेला तपासणीला जायचोच, त्या खेपेला तिथून सांगलीत उतरलो, जुन्या पुस्तकांच्या दुकानात. दुकानदारानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं, आतून दोन पुस्तकं आणून फळीवर ठेवली.

"यातली दोन आहेत. हे जाडं एका पाद्रीबाबांचं. आणि हे रद्दीतून आलेलं, चार वर्षं पडून आहे. सांगलीत लॅटिन कोण विचारतंय, बाई?"

दुसरं खाकी कव्हरातलं होतं. कोपऱ्यात तीन पांढरे टाके.

नात शेजारीच उभी होती. तिच्या पिशवीतल्या वहीलाही तेच टाके, माझ्याच हातचे. हे पुस्तक उघडलं की आत नाव निघणार, आणि मग लायब्ररी कुठली नि रद्दी कुठली, सगळंच निघणार. मी जाडं पुस्तक उचललं. "हे घेऊ. अक्षर मोठं आहे, तुझ्या डोळ्यांना बरं."

तिनं फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तू म्हणशील ते."

धडे सुरू झाले. दुपारी ती शब्द घोकायची आणि मी स्वयंपाकघरात थबकायची. आवाज तिचा नव्हे, मुलीचाच वाटायचा, तिला परीक्षेच्या दिवसांत असंच घोकताना ऐकलेलं. एकदा तर "आले गं" अशी ओ दिली मी. नात म्हणाली, "मी नाही हाक मारली, आजी." त्या दिवसापासून सुईत दोरा ओवायला घेतला की ते तीन टाके आठवायचे. ते पुस्तक तिथं फळीवर बसलेलं आहे, माझी वाट बघत, असं सारखं वाटे.

पुढच्या महिन्यात नातीला हृदयाची पट्टी, म्हणजे ई.सी.जी., काढायला नि बाकीच्या तपासण्यांना आत नेलं, बराच वेळ लागणार होता. नर्सबाईंना सांगून मी रिक्षानं सांगली गाठली आणि पुस्तक विकत घेतलं. हेतू काही चांगला नव्हता. नातीच्या दृष्टीस पडायच्या आत ट्रंकेत तळाला घालायचं, एवढंच डोक्यात होतं.

परतीच्या गाडीत नात खिडकीशी टेकून झोपली. चार वर्षांपूर्वी जे केलं नाही ते मी तेव्हा केलं, पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीनं तिचं बारीक, डावीकडं झुकलेलं अक्षर. शब्दांचे अर्थ, मधेच "कंटाळा आला", एका पानावर चहाचा गोल डाग. एकोणिसाव्या धड्याच्या अर्ध्यात लिहिलं होतं, "बाळ उठलं. उरलेलं उद्या." त्यापुढची सगळी पानं कोरी.

ते बाळ माझ्यासमोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं. आता हे ट्रंकेत कसं घालायचं?

घरी पोचल्यावर चहा झाला आणि मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उघडलं नाही. आधी कोपऱ्यातल्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"दुकानातलंच ना?"

"तू बघितलं होतंस?"

"टाके ओळखत नाही का मी? तू ते जाडं एवढ्या घाईनं उचललंस, वाटलं, मला हे कळायला नको आहे तुला. म्हणून गप्प बसले."

"मग नंतर तरी विचारायचंस."

"भीती वाटली. तू पुन्हा लायब्ररीच म्हणाली असतीस तर?"

मी सगळं सांगितलं. तिनं पुस्तक उघडलं, पान पान बघत एकोणिसाव्या धड्यापर्यंत गेली, त्या ओळीवर थांबली. मग खालमानेनंच विचारलं, "बाकीची?"

"रद्दीत," मी म्हटलं. "सगळी."

कव्हर विटलं होतं, म्हटलं नवं घालू का, तर ती पुस्तक जवळ ओढून म्हणाली, "टाक्यांना हात लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांकडं जाऊन गुरुजींना कळवलं की आम्ही पुस्तक बदललंय. सुभेदार म्हणाले, "पयल्यापासनं करायचं व्हय पुन्हा?" मी म्हटलं, हो.

ती पहिल्या धड्यापासून निघाली, आईच्या पेन्सिलीमागून. मी मात्र अजून तिच्या "बाकीची?" या एका प्रश्नातच आहे. सांगलीला गेले की रद्दीच्या प्रत्येक दुकानापुढं थांबते, खाकी पुस्तकांचे कोपरे उलटून बघते. दुकानदार विचारतात, "कुठलं हवंय, आजी?" नाव एकाचंही सांगता येत नाही. तेव्हा उघडून बघितलंच नव्हतं ना.