ढगांसाठी लावलेला लाल फिल्टर

निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात, मी काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या नादी लागलो. मोबाइलवर दिवसाला शंभर फोटो निघतात अशा काळात रोल भरायचा, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद चिकटवायचा आणि रसायनात कागद बुचकळत बसायचं. “घरच्यांनी आंघोळ करायची की नाही?” बायको विचारते. तिचं बरोबरच आहे. पण कोऱ्या कागदावर डोंगर उमटायला लागला की मला दुसऱ्या कुणाचं ऐकू येत नाही, आणि तिथेच माझं चुकतं.

वलवणच्या मावशी वीस वर्षं आमच्याकडे दूध घालतात. गेल्या भाद्रपदात किटली खाली ठेवून म्हणाल्या, “भाऊ, आमा दोगांचा येक फोटू काढा. जोडीचा फोटूच न्हाई आमचा. पुढल्या आटवड्यात ह्येंच्या छातीचं आपरेशन हाय.” एवढं सांगून त्या दूध मापायला लागल्या. मला कळलं.

गेलो. त्यांचे यजमान आबा धुतलेल्या टोपीत, मावशी हिरव्या नऊवारीत. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, मुद्दाम ठसठशीत लावलेलं. आणि मागे वलवणच्या धरणावर असे ढग, की मी पार वेडावलो. लेन्सवर लाल फिल्टर चढवला. त्याने निळं आभाळ काळंभोर होतं आणि ढग उठून दिसतात. नीट ढग मिळावेत म्हणून मी तीनदा जागा बदलली. ती दोघं बिचारी उन्हात उभी.

प्रिंट झकास आली. आबांना दाखल केल्यावर मावशी डबा घेऊन दवाखान्यात निघाल्या होत्या, तेव्हा मी ती ऐटीत नेऊन दिली. पदराला हात पुसून त्यांनी फोटो घेतला. डोळ्यांजवळ नेला.

“भाऊ, माजं कुकू कुटं हाय?”

मी पाहिलं. कपाळ कोरं. लाल फिल्टरमधून लाल रंग फिका पडतो, कुंकू कातडीत मिसळून जातं. हे मी चार जणांना शिकवलेलं, आणि नेमकं तेव्हा विसरलो. शस्त्रक्रिया उद्यावर आलेली, आणि मी त्या बाईच्या हातात तिचंच पांढरं कपाळ ठेवलं होतं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी फिल्टर, फिल्म असं काहीबाही सांगत सुटलो. “तुमी मुद्दाम न्हाई केलं, ठावं हाय मला,” एवढंच त्या म्हणाल्या आणि फोटो डब्याच्या पिशवीत सरकवला. बारीक ब्रशने काळा ठिपका देतो म्हटलं, तर म्हणाल्या, “नगं. कुकू काय काळं आसतं व्हय?”

मला घरी बसवेना. त्यांच्याबरोबर लोकलने गेलो. घोरावाडी स्टेशनला उतरून दवाखान्यापर्यंत पिशवी मी धरली. फोटो दाखवायचा नाही असं मावशींनी ठरवलेलं, पण आबांनी पहिलं तेच विचारलं, “आला का फोटू?”

पिशवीतून काढून द्यावाच लागला. आबांनी फोटो पाहिला, मग मावशींकडे पाहिलं. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

“हिकडं ये,” ते म्हणाले. सलाइन नसलेला हात उचलून त्यांनी मावशींच्या कपाळावर अंगठा टेकवला आणि तोच अंगठा फोटोवर दाबला. सगळा वॉर्ड बघत होता. कुंकू फिसकटून फोटोतल्या भुवईवर गेलं.

“नीट बसलं न्हाई,” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे. घरी आल्याव पुन्ना लावतो.”

मावशी हमसून रडल्या. मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

दोन आठवड्यांनी आबा घरी आले, आणि दारातच त्यांनी कुंकवाचा करंडा मागितला.