कॅसेटमध्ये मावेल तेवढा आवाज

जुन्या टीव्ही गेमच्या कॅसेटमधले मूळचे आवाज काढायचे आणि तिथं आपले बसवायचे, हा आमचा उद्योग. आवाज बसतोय न बसतोय, किस्से मात्र पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साठतात. पुसायचाही आता कंटाळा आलाय. खरंच दमलो. पण रविवारची दुपार झाली की तिघंही परत माझ्याच घरी!

तिघं म्हणजे मी, माधवनगरचा मोबाइल दुरुस्तीवाला. वैशाली कांबळे, इस्लामपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवते. आणि मानेदादा, मूळचे वडूजचे, लष्करातनं रिटायर होऊन आता लेकीकडं सांगलीत.

माझी बायको म्हणते, "लोकं चाळिशीत गेम सोडत्यात. ह्यांनी खोलून ठेवल्यात!"

*

मारामारीच्या एका गेममध्ये हिरो प्रत्येक ठोशाला "हा!" करायचा. तिथं दादांचा आवाज घालायचं ठरलं. दादांनी छाती फुगवून परेडची आरोळी ठोकली, "सावधाऽऽन!" पत्र्यावरची कबुतरं उडाली.

अडचण अशी, की या कॅसेटमध्ये जागा इवलीशी. जुना आवाज जेवढा, तेवढ्यातच नवा मावला पाहिजे. वैशालीनं कापून कापून बसवला, तर "साव" एवढंच बसलं. हिरो ठोसे मारतोय आणि म्हणतोय, "साव! साव!"

दादा टीव्हीच्या जवळ सरकले.

"आन् धान?"

"जागा नाही, दादा."

"मग धान काय कणगीत ठिवू?"

*

हिरोला मार बसला की त्यानं "आई गं" म्हणावं, ही वैशालीची आयडिया. आवाज माझ्या आईचा घेतला. फक्त तो कुठं थांबवायचा, ती खूण घालायची राहून गेली. हिरो पडला आणि सुरू झालं, "आई गं आई गं आई गं..." बटणं दाबून थकलो, थांबेना!

शेजारच्या काकू धापा टाकत आत आल्या. आम्ही तिघं टीव्हीसमोर.

"लाजा वाटत्यात का? म्हातारी कवापास्नं कन्हतीया, आन् तुमी टीव्ही बघताय?"

आई स्वयंपाकघरातनं म्हणाली, "मी हाय हितं. कन्हतोय त्यो टीव्ही!"

*

कुस्तीच्या गेममध्ये जिंकल्यावर बिगुल वाजायचा. आम्हाला तिथं हलगी पाहिजे होती. दादा गावच्या जत्रेत मोबाइलवर हलगी रेकॉर्ड करून आले, एकदम खुशीत. पण नेमकी हलगी टिपेला पोचली तिथंच लाऊडस्पीकरवर कोण तरी बोललेलं. कितीही साफ केलं तरी ते निघेना. शेवटी पैलवान हात वर करायचा, हलगी कडाडायची आणि मागनं आवाज यायचा, "कुणाची चप्पल..."

मी म्हटलं, "दादा, परत जावं लागंल."

दादा म्हणाले, "जत्रा आता पुढच्या साली. आसू दे. जिंकल्यावर चप्पल कुणाची जाग्यावर असतीया?"

*

सगळ्यात जीव खाल्ला तो पुढच्या कामानं. कॉम्प्युटरवर सगळं झकास वाजायचं. खऱ्या मशिनमध्ये कॅसेट घातली की नुसतं खर्रर्रर्र! किती रविवार गेले, मोजायचं सोडून दिलं. एकदा तर बायको जिना चढून गच्चीवर पळाली. तिला वाटलं पाऊस आला. पापड वाळत घातले होते!

अखेर एकदाचं वाजलं. आम्ही गेम इंटरनेटवर टाकला आणि जगाच्या शाबासकीची वाट बघत बसलो. खूप दिवसांनी एकच कमेंट आली, कुठल्या तरी परदेशातनं. वैशालीनं वाचून दाखवली, "फाइल खराब आहे. कोणीतरी अनोळखी भाषेत ओरडतंय."

तिनं लॅपटॉप मिटला.

मग दादा म्हणाले, "दुसरं वाक्य बरोबर हाय गड्या त्याचं."

*

हलगीवाल्या त्याच कुस्तीच्या गेममध्ये पैलवान रिंगबाहेर गेला की पंच एक ते दहा आकडे मोजतो. ते मोजायला आम्ही बापूंना बोलावलं होतं. बापू म्हणजे आमच्या भागातले कुस्तीचे निवेदक. त्यांनी माइक हातात घेतला की फडाच्या पार टोकाला बसलेला माणूस सरळ व्हायचा. एका बैठकीत त्यांनी आकडे मोजून दिले, वर "चीतपट!"ही दिलं.

गेम पुरा व्हायच्या आत बापूंना घशाचा कर्करोग निघाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढलं. माणूस वाचला, आवाज गेला.

कॅसेट तयार झाली तेव्हा वैशाली म्हणाली, "त्यांना नेऊन दाखवू."

दादा चिडले. "माणसाचा गेलेला आवाज त्याच्याच म्होरं वाजवायचा? मला न्हाई जमायचं."

"त्यांचा आहे तो, दादा. आपण कोण ठेवून घेणारे?"

दादा आले, पण आमच्या मागनं, अंतर ठेवून.

बापूंच्या सोप्यात, पुढच्या खोलीत, टीव्हीला मशीन जोडलं. बापू एक कुस्ती खेळले. पैलवान पडला आणि टीव्ही गरजला, "चीतपट!" आत भांडी घासायचा आवाज चालू होता, तो बंद झाला. बापूंनी मान खाली घातली. दादांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मशीन बंद करायला उठलो.

बापूंनी हातानंच मला बसवलं.

या जुन्या गेममध्ये एक सोय असते. आतले सगळे आवाज ओळीनं मांडलेले असतात. हवा तो निवडून बटण दाबलं की वाजतो. वैशालीनं ते पान उघडून दिलं. बापू एकेक आवाज ऐकत गेले. शांतपणे, लक्ष देऊन.

तेवढ्यात बापूंच्या बायकोनं, काकूंनी, आतनं विचारलं, "चहा किती जणांचा टाकू?"

सोप्यात आम्ही चौघं होतो, आत त्या एकट्या. मी सांगणार, तेवढ्यात बापूंनी यादीत खाली सरकत जाऊन बटण दाबलं.

"पाच!"

 मग काकूंचा आवाज आला, बारीक.

"किती म्हणालासा?"

"पाच!"

"किती?"

"पाच!"