मासा कोरलेला बाक

सहलीच्या बसचा ड्रायव्हर तो, पण सगळे त्याला कप्तान म्हणत. एका आजोबांनी कधीकाळी त्याची पांढरी टोपी बघून तशी हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. नऊ दिवसांत पाच जुनी शहरं दाखवणारी सहल, आणि त्या सहलीच्या खेपा तो सव्वीस वर्षं मारत होता. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कुठल्या टपरीचा चहा पाणचट आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. घाटात समोरून ट्रक आला तरी हा गडी जांभई देई.

आणि अशा या माणसाने त्या पाच शहरांपैकी एकही आतून पाहिलं नव्हतं! वेशीच्या आत बस जात नाही, आणि बस सोडून जायचं नाही, हा पहिल्या मालकाने घालून दिलेला नियम. प्रवासी गाईडच्या मागून आत जात, कप्तान बाहेर पार्किंगमध्ये स्टेपनीच्या चाकावर बसून डबा खाई, बसच्या सावलीत पाठ टेकी, नळावर तोंड धुई. त्याला शहर माहीत होतं ते तेवढंच.

पहिल्या खेपेवरून घरी गेला तेव्हा बायकोने हौसेने विचारलं, "काय काय पाहिलंत?" तो म्हणाला, "पार्किंग." ती हसली, पण तिचा चेहरा एवढासा झाला. नऊ दिवस एकटीने घर ओढलं ते काय पार्किंगसाठी? पुढच्या खेपेनंतर मात्र त्याने तिला शहर सांगितलं. आरशात बघत बघत प्रवाशांच्या गप्पांमधून जे कानावर पडे त्याला तो घरी जाऊन फोडणी देई. थापाच त्या, पण मायेच्या. तिसऱ्या शहरातला दगडी बाक ही त्यातली सगळ्यात देखणी थाप. जुन्या घड्याळाच्या मनोऱ्यामागे एक गल्ली आहे, तिथे निळ्या दारासमोर एक बाक आहे, त्याच्या पाठीवर मासा कोरलाय, भर उन्हातही तो गार असतो. "तू दिलेला डबा मी दर खेपेला तिथेच बसून खातो," असं तो म्हणाला होता. सव्वीस वर्षं म्हणत होता.

यंदा मालकाने ड्रायव्हरच्या बायकोला फुकट यायची परवानगी दिली. ती नाचायचीच बाकी राहिली. कप्तानाला मात्र तो बाक आठवला. चोराच्या मनात चांदणं! पण पहिल्या दोन शहरांत तिचे पाय दुखत होते, ती बसमध्येच राहिली, तेव्हा तो जरा सैलावला.

ती बसली होती कॅबिनमध्ये, त्याच्या शेजारच्या घडीच्या सीटवर. इंजिनच्या उष्णतेने पाय सुजले म्हणून दुसऱ्या दिवशी मागच्या लांब सीटवर गेली. आता त्या बसमध्ये डोकी मोजत नसत. डोकी हलतात, मोजणारा चुकतो. तिथे जोड्यांचा हिशेब होता: प्रत्येकाने आपल्या शेजारच्याची जबाबदारी घ्यायची. निघताना मॅनेजरबाई दारात उभ्या राहून ओरडत, "जोड्या?" आणि एकेक रांग म्हणे, "पूर्ण!" इतक्या वर्षांत ही पद्धत कधी चुकली नव्हती. पण कप्तानाची बायको कुठल्याच रांगेत नव्हती. तिला जोडी नव्हती. जी होती ती स्टिअरिंगवर बसली होती.

तिसऱ्या शहराबाहेर बस उभी राहिली तेव्हा कप्तान लगेच बसखाली शिरला. स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस द्यायचं होतं. बाहेर आला तोवर सगळे आत गेले होते. दोन वाजले तरी बायकोने डबा काही आणून दिला नाही. मागे झोपली असेल, असं त्याला वाटलं. जाऊन बघायला वीस पावलं चालायची होती. पण स्वारी रुसली. नवऱ्याच्या पोटाची आठवण नाही तर नाही, म्हणत त्याने बिस्किटांचा पुडा संपवला. तीन वाजता बाईंनी विचारलं, "जोड्या?" सगळ्या रांगा म्हणाल्या, "पूर्ण!" मागच्यांना वाटलं ती पुढे नवऱ्याजवळ आहे, पुढच्यांना वाटलं ती मागे झोपली आहे. कप्तानाने गिअर टाकला.

चाळीस किलोमीटरवर चहासाठी थांबले. रुसवा विरला होता. तो तिचा कप घेऊन मागे गेला. सीटवर तिची शाल होती, पर्स होती, पर्सच्या तोंडाशी मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी होती आणि आत मोबाईल वाजत होता, कारण तो स्वतःच तिला फोन लावत होता. ती नव्हती.

चहा हातावर सांडला तेही त्याला कळलं नाही. "बाई," तो कसाबसा म्हणाला, "आमची मंडळी तिथेच राहिली."

मॅनेजरबाईंचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा! बस वळवू या का?"

"नको. म्हातारी माणसं आहेत, उन्हात किती फिरवायची? तुम्ही इथेच थांबा." गोळ्यांची पट्टी खिशात घालून त्याने पाण्याची बाटली घेतली, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बसची किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली. अंड्यांचे ट्रे घेऊन उलट्या दिशेने निघालेल्या टेम्पोवाल्याने त्याला बसवून घेतलं.

त्या चाळीस किलोमीटरमध्ये मन चिंती ते वैरी न चिंती. ती चक्कर येऊन पडली असेल. दुपारची गोळी चुकली. जवळ पैसे नाहीत. माझा नंबर तिला पाठ आहे का? तो तिने कधी पाठ केलाच नसेल, कशाला करेल? टेम्पोवाला म्हणाला, "काका, घाबरू नका, जुनी शहरं छोटी असतात." कप्तानाला त्याचा रागच आला. छोटं की मोठं, त्याला स्वतःला कुठे ठाऊक होतं?

वेशीतून आत पाऊल टाकलं आणि तो थबकला. बस जाईल एवढी रुंदी कुठेच नव्हती. गल्लीतून गल्ली फुटत होती, भिंती दोन्हीकडून अंगावर आल्यासारख्या, वर आभाळाची चिंधी. हातात स्टिअरिंग नसलं की त्याचे हात नुसते लोंबत. दोनदा वळला आणि वेस कुठल्या बाजूला राहिली तेच कळेना. ऊन भिंतींच्या माथ्यावर चढलं होतं. अंधार पडायला फार वेळ नव्हता. पन्नाशी उलटलेल्या या गड्याला मोठ्याने रडावंसं वाटलं. लाज वाटून रडला नाही, एवढंच.

मग त्याला सुचलं. ती गेली असेल तर बाकाकडेच. जो बाक नाहीच, त्याच्याकडे!

कुलपांच्या दुकानातल्या म्हाताऱ्याला त्याने विचारलं, "मासा कोरलेला दगडी बाक कुठेय हो?"

म्हाताऱ्याने कानस खाली ठेवली. "आज सगळ्यांना मासाच हवाय? सकाळी एक बाई हेच विचारत होत्या. हातात डबा होता. मी म्हटलं, बाई, जन्म गेला माझा इथे, असा बाक नाही."

"मग?"

"म्हणाल्या, तुम्हाला नसेल माहीत, आमच्या ह्यांना माहीत आहे. गेल्या मनोऱ्याकडे."

मनोऱ्यामागच्या शिंप्यानेही तेच सांगितलं, हसत हसत. "निळं दार? इथली निम्मी दारं निळीच आहेत. पुढे पाठवलं त्यांना." कप्तानाला हसू आलं नाही. त्याची एक थाप त्याच्या बायकोला दारोदार फिरवत होती आणि तो तिच्या मागून तीच थाप विचारत पळत होता. जिन्यावर चादरी वाळत घालणारी एक मुलगी म्हणाली, "त्या आजी ना? मासा वगैरे इथे नाही काही. पण तिकडे पडक्या विहिरीजवळ बसायला दगड आहे, म्हटलं तिथे बघा. जपून जा बरं, कठडा नाहीये."

विहीर म्हटल्यावर तो पळतच सुटला. विहिरीच्या तोंडाशी पोचून त्याने आधी खाली पाहिलं. इकडेतिकडे बघायची हिंमत झाली नाही, आधी खालीच पाहिलं. हिरवं, स्थिर पाणी. काहीच नाही.

"अहो, पडाल ना! मागे सरका!"

ती पलीकडे होती. भिंतीला टेकलेल्या तुटक्या शिळेवर बसली होती, समोर एक दार, ऊन-पावसात रंग उडालेलं, कधीकाळी निळं असावं. मांडीवर रुमालात बांधलेला डबा. तो तिच्याजवळ जाऊन खालीच बसला आणि तिचे सुजलेले पाय दोन्ही हातांनी धरले.

"किती उशीर हो!" ती म्हणाली. "दुपारपासून वाट बघतेय. म्हटलं, गुपचूप पुढे जाऊन बसावं, तुम्ही जेवायला इथेच येणार, तोंड बघण्यासारखं होईल तुमचं. मासा काही दिसत नाही बाई, झिजला असेल."

"चक्कर नाही ना आली? गोळी राहिली तुझी."

"डब्यातले दोन घास खाल्ले मी. तुमचं ठेवलंय."

"आणि घाबरली नाहीस? एवढा वेळ एकटी?"

"घाबरायचं काय त्यात? तुम्हाला इथला दगड न् दगड माहीत आहे. कधी ना कधी येणारच होतात."

त्याने गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, बाटली पुढे केली. तिने गोळी गिळली. तेवढ्या वेळात बाता पुढे चालू ठेवता आल्या असत्या. मासा झिजला म्हणून सांगितलं असतं तर कुणाला ताकास तूर लागली नसती. पण मघाच्या हिरव्या पाण्यात त्याने जे बघायला नको ते बघायची तयारी केली होती, आणि त्यानंतर त्याला खोटं बोलवेना.

"अगं, मी इथे कधी आलोच नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. बाक नाही, मासा नाही. तुझा डबा मी पार्किंगमध्ये खातो. स्टेपनीवर बसून."

तिने शिळेवरून एकदा हात फिरवला. मग मान वळवून गल्लीकडे पाहिलं. ती ज्या गल्लीने आली होती तिच्या शेजारी तशाच आणखी दोन होत्या, आणि तिन्ही काळवंडत चालल्या होत्या.

"म्हणजे," तिचा आवाज बसला होता, "बाहेर जायची वाट तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

मग ती घाबरली. इतक्या वेळाने, पहिल्यांदाच. डबा तसाच काखेत मारून तिने दोन्ही हातांनी त्याचं मनगट असं घट्ट पकडलं, की बांगड्या त्याच्या हाडात रुतल्या.